मागच्या काचेचं दुखणं

संध्याकाळचे पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. आमच्या नल्लकुंटा वस्तीच्या कोपऱ्यावर आमची गाडी वळली आणि मागची काच आपली आपणच खाली गेली. माझ्या शहाणपणाची वरात तिथून निघाली बघा. कुठवर गेली ते सांगते, पण चहाचा घोट आधी गिळून घ्या.

त्या वर्षांत बाजारात नव्यानव्या तऱ्हेच्या गाड्या यायला लागल्या होत्या. त्याआधी काच वर-खाली करायला दाराला हँडल असायचं. गरगर फिरवायचं, काच कुरकुरत वर यायची. आमच्या ह्यांनी घेतलेल्या गाडीत हँडलच नाही. दारावर बोटाएवढं बटण. पुढून दाबलं की काच खाली, मागून दाबलं की वर.

"नुसतं बोट लावायचं," हे कौतुकानं म्हणाले.

मला धडकी भरली ती तिथेच. नुसतं बोट लावायचं, म्हणजे आमच्या रेवाचं बोटही आलंच की त्यात. तीन वर्षांची पोर, दिसेल ते दाबणारी. काचेत हात सापडला तर? मान सापडली तर? सांगा, कुठल्या आईला झोप लागेल?

सातवीनंतर माझी शाळा सुटली, पण शिवणाचं मशीन काही सुटलं नाही. टीव्हीला झालर, मिक्सरला झबलं, फोनला टोपी. आमच्या घरात उघडं काही राहत नाही. मग बटणांनीच काय पाप केलं होतं? खणाचा तुकडा घेतला, आत कापूस भरला, कडेनं इलॅस्टिक ओवलं आणि मागच्या दोन्ही दारांच्या बटणांवर गाद्या चढवल्या.

"बटणाला थंडी वाजते का?" ह्यांनी विचारलं.

"असू द्या," म्हटलं. "तुम्ही पुढं बघून चालवा."

आणि त्याच आठवड्यात रेवाचा कान ठणकायला लागला. अंगात ताप, कान धरून पोर रडून रडून लाल. कोठी भागातल्या दवाखान्यात फोन केला, तर तिथला कंपाउंडर म्हणाला, घेऊन या, आणि वाटेत कानाला वारं लागू देऊ नका. झालं. कानटोपी, त्यावर शाल, गाडीच्या चारही काचा बंद. मी मागे, रेवा मांडीवर, आणि माझा एक हात त्या गादीवर घट्ट. तापात पोरीनं गादीच ओढून काढली तर?

निघालो, कोपऱ्यावर वळलो आणि काच खाली. गार वारं थेट रेवाच्या तोंडावर.

"अहो, काच."

"मी नाही केली."

ह्यांनी पुढच्या बटणानं ती वर घेतली. काच वर येताना मी घाबरून रेवाचे दोन्ही हात धरून ठेवले. ती बंद झाल्यावर माझा हात पुन्हा गादीवर. काच पुन्हा खाली.

"वायर सैल असेल," हे म्हणाले.

मला वायरचं कळत नाही, पण नजरेचं कळतं. शेजारच्या अम्मांनी सकाळीच गाडीभोवती फिरून 'चाला बागुंदि' म्हटलं होतं. तेलुगूत फार छान म्हणे. एवढं छान म्हणायची काय गरज होती?

म्हटलं, ही बाजूच नको. रेवाला उचलून पलीकडच्या दाराशी सरकले आणि तिथली गादी घट्ट दाबून धरली. तिकडचीही काच खाली.

"अहो, आता दोन्ही गेल्या."

"काय करतेस तरी काय मागे?"

"मी काय करणार? मी पोरीला सांभाळतेय."

शेवटी ह्यांनी दोन्ही काचा पुन्हा वर घेतल्या, आणि मी दोन्ही तळवे माझ्याकडच्या काचेला टेकवून ती दाबून धरली. तेव्हा कुठे ती थांबली. मला वाटलं, माझ्या ताकदीनं थांबली.

सिग्नलला शेजारी एक आटो उभा राहिला. आटोवाला बराच वेळ बघत होता. "अम्मा, कांच कायकू पकड़ को बैठे?"

"गिरती है, भैया."

"नवी गाडी है ना?"

"हौ."

"फिर पुरानीच अच्छी थी," म्हणाला आणि निघून गेला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई कान तपासत होत्या आणि हे गाडीची तक्रार त्यांनाच सांगत होते. नवी गाडी, काच ठरत नाही, पोरीला वारं लागलं. माझे डोळे भरलेले. बाईंनी रेवाची हनुवटी धरून विचारलं, "क्या हुआ बेटा?"

रेवा हुंदके देत म्हणाली, "आई काच पाडते."

"कशी गं?" हे म्हणाले.

पोरीनं आपला एवढासा तळवा बाईंच्या टेबलावर ठेवला आणि सगळा जोर लावून दाबला. "अशी."

ह्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. मी तो पदराखाली घेतला.

बाई हसू दाबत म्हणाल्या की कान आतून सुजलाय, वाऱ्यानं काही झालेलं नाही, थेंब घातले की ठणका उतरेल. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. धोंडा उतरल्यावर लाज वर आली.

बाहेर येऊन ह्यांनी गाडी सुरू केली. "ठेव हात." काच खाली. "उचल." थांबली. हँडल फिरवताना दंडाला कळायचं तरी, की आपण काहीतरी करतोय. ह्या बटणानं हूं नाही की चूं नाही.

मग ह्यांनी आपल्या दाराजवळची बटणं एकेक करून चाचपली. त्यात एक निघालं, जे दाबलं की मागची बटणं मुकीच होतात. लेकरांसाठीच केलेलं.

"गाडी देताना हे दाखवलं नव्हतं का तुम्हाला?"

"दाखवलं असेल," हे हळूच म्हणाले. "मी तेव्हा हॉर्न वाजवून बघत होतो."

घरी परत निघालो. थेंब घातल्यावर रेवा माझ्या दंडावर झोपून गेली होती, तोंड उघडं, कपाळ गार. तिची झोप मोडू नये म्हणून हे गाडी इतकी हळू चालवत होते की सायकलवाले पुढे जात होते.

तर आता एक काम करा. तुमच्या ओळखीत कुणी अशी गाडी घेतली आणि घरात लेकरू असलं, तर त्यांना ते पुढचं बटण आधी विचारून घ्यायला सांगा. आणि म्हणावं, पोरीला जपताना आपला हात कुठे टेकलाय तेवढं बघा. माझं नाव मात्र सांगू नका. कोठीच्या त्या दवाखान्यात ते आधीच सगळ्यांना माहीत झालंय.