न उमटलेलं गोंदण

बऱ्हाणपूरच्या लोधीपुऱ्यातली सुलभा गप्प बसली तरी तिचं कपाळ बोलत असे. त्याला कारण तिच्या सासूबाई, धुरपदाबाई. सुलभा तापीपलीकडच्या जैनाबादहून लग्न होऊन या घरात आली आणि दुसऱ्याच वर्षी टायफॉइडच्या तापात सासूबाईंचे कान गेले, ते गेलेच. अक्षरओळख नाही, म्हणून लिहून दाखवायचीही सोय नाही. मुलगा श्रीकांत मोठमोठ्यानं ओरडायचा आणि मग कंटाळून आपल्या कापडदुकानात निघून जायचा. सून मात्र समोर बसायची, सावकाश ओठ हलवायची आणि उरलेलं कपाळानं सांगायची.

भुवया वर जाऊन आठ्या पडल्या, की तो प्रश्न. भुवया जवळ आल्या, की काळजी. कपाळ सपाट राहिलं, की सांगणं. 'जेवलात' आणि 'जेवलात?' यांतला फरक ओठांवर दिसत नाही, तो सुलभाच्या कपाळावर दिसायचा. असं करता करता वर्षं गेली आणि आठ्या तिथंच मुक्कामाला राहिल्या.

सुलभाला त्यांचं कधी काही वाटलं नव्हतं. पण मुलाच्या, गोटूच्या साखरपुड्यात फोटोग्राफरनं सगळ्यांना ओळीनं उभं केलं आणि म्हणाला, "दादी, आप भी कुर्सी पे बैठ जाओ ना." धुरपदाबाई तर आधीच खुर्चीवर बसलेल्या. मग ही दुसरी दादी कोण, ते सगळ्यांना कळलं. होणाऱ्या विहीणबाई पदर तोंडाला लावून हसल्या.

नणंद निर्मला इंदूरहून आली होती. ती रात्रीची भांडी आवरताना म्हणाली, "वहिनी, लग्नाआधी माझ्याकडे ये. आमच्या कॉलनीतल्या अर्ध्या बायका कपाळाला इंजेक्शन घेतात. मच्छर चावल्यासारखं वाटतं, बस."

"यांना काय सांगू?"

"डोळे दाखवायला चालले म्हण. दादा तुझ्या डोळ्यांत कधी बघतो? त्याला काय कळणार."

सुलभा गेली. डॉक्टरीणबाईंनी तिला भुवया वर करायला लावल्या, पांढऱ्या पेन्सिलीनं ठिपके काढले आणि सुई उचलण्याआधी विचारलं, "काही महिने भुवया फारशा हलणार नाहीत, आंटी. चालेल ना?" सुलभाला त्यात विचार करण्यासारखं काही दिसलं नाही. चालेल, म्हणाली. पुढं तिला सगळ्यांत जास्त टोचत राहिलं ते हेच, सुई नव्हे.

घरी आल्यावर हळूहळू कपाळ घासलेल्या ताटासारखं लख्ख झालं. श्रीकांत म्हणाला, "इंदूरचं पाणी मानवलं तुला." सुलभा येता-जाता आरशात बघू लागली. याच दिवसांत धुरपदाबाईंचं जेवण कमी झालं. 'पुरे?' असं विचारलं, की त्या ताट बाजूला सारायच्या. 'झोपता?' विचारलं, की टीव्हीसमोरून उठून आत जायच्या. सुलभाला वाटलं, वय झालं. खरं म्हणजे तिच्या मनात एकदा पाल चुकचुकली होती, पण तिनं तिकडे लक्ष दिलं नाही.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया जवळ आली. धाकटा दीर कडू डोईफोडिया गावी शेती करायचा. त्याचा फोन आला, सणाला चार दिवस आईला पाठवा, लग्नाच्या आत आणून सोडतो. सुलभा सासूबाईंच्या समोर बसली. सावकाश म्हणाली, "डोईफोडियाला जायचं?"

धुरपदाबाई नेहमीपेक्षा जास्त वेळ तिच्या कपाळाकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं."

सकाळी सुलभा चहा घेऊन गेली, तर त्या ठेवणीतलं लुगडं नेसून दाराशी बसलेल्या. शेजारी गाठोडं. त्यात हिवाळ्याची शाल होती आणि सासऱ्यांचा तसबिरीतला फोटोही. चार दिवसांसाठी कोणी नवऱ्याचा फोटो नेत नाही. त्यांनी मुठीतली नथ सुलभाच्या हातावर ठेवली.

"गोटूच्या बायकोला घाल. मी लग्नाला असेन नसेन."

सुलभानं कप खाली ठेवला. "आई, मी विचारलं होतं. जा, असं नव्हतं सांगितलं."

धुरपदाबाईंनी पुन्हा त्या गुळगुळीत कपाळाकडे पाहिलं. "कळलं ना. मी काई भांडतेय का? एवढी वरसं सांभाळलं तुनं. आता कडूची पाळी."

सुलभा खाली बसली. तिनं सासूबाईंची बोटं धरून आपल्या कपाळावर ठेवली आणि होता होईल तेवढा जोर करून भुवया वर न्यायला पाहिल्या. बोटांखाली काही हललं नाही. मग तिनं धुरपदाबाईंच्या भुवयांमधल्या हिरव्या गोंदणावर बोट टेकवलं, चिमटीनं सुई टोचल्यासारखं करून दाखवलं आणि तेच बोट स्वतःच्या कपाळाला लावलं.

धुरपदाबाईंनी तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. बारकाईनं पाहिलं.

"गोंदून घेतलं? मग उमटलं काहून नाही?"

सुलभाला हसू आणि रडू एकदमच आलं. "दिसू नये म्हणून घेतलं, आई. फोटोसाठी."

"फोटो कोन पाहतं रोज? मी तुझं तोंड पाहते."

मागं श्रीकांत उभा होता. "म्हणजे डोळ्यांना काही झालंच नव्हतं?"

"नव्हतं," सुलभा म्हणाली. त्याच्याकडे तिला बघवलं नाही. त्यानं कडूला फोन करून आखाजीला इकडेच ये म्हणून सांगितलं आणि गाठोडं आत नेऊन ठेवलं.

त्या दिवशी सासू-सुनेनं नवी खूण ठरवली. तळहात वर, की प्रश्न. तळहात खाली, की सांगणं. लग्नात फोटोग्राफरनं सुलभाला 'आंटी' म्हटलं आणि ते तिच्या लक्षातही आलं नाही. पंगतीत आग्रह करताना तिचा तळहात सतत वर होता.

गणपतीच्या सुमारास आरशात पहिली आठी परत दिसली. सुलभाला कोण आनंद झाला. ती तशीच सासूबाईंच्या समोर जाऊन बसली, भुवया उंच केल्या आणि म्हणाली, "चहा टाकू?"

धुरपदाबाईंनी तिच्या ओठांकडे पाहिलं. मग नजर खाली नेली आणि मांडीवरच्या तिच्या हाताकडे पाहत वाट बघत राहिल्या. सुलभानं हळूच तळहात वर केला.

"टाक," धुरपदाबाई म्हणाल्या.