हिला लागत नाही

मालकीणबाईंनी माझ्या छातीत सुई टोचली आणि मला कळलं नाही. चोळीवर रक्ताचा ठिपका आला, तो बघून कळलं.

"बघितलंस? सांगत होते ना मी, हिला लागत नाही," त्या बहिणीला म्हणाल्या. बहीण मुंबईहून आली होती. तिनं तोंडावर हात ठेवला, पण मान पुढं काढून बघत राहिली. गोधडीभोवती बसलेल्या बाया हसल्या. मीही हसले. सुईपेक्षा ते हसणं मला जास्त सलतं.

सत्तर-बाहत्तर सालची गोष्ट. कोंडाण्याच्या लेण्यांच्या वाटेवर आमचं गाव. नवरा साजगावला कारखान्यात. डाव्या थानात गाठ आली, मी दुधाची समजून पोटीस बांधत राहिले. शेवटी मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात थान काढलं. तिथल्या डॉक्टरला विचारलं, "हितं हात लावला तर कळत नाय." तो म्हणाला, "जीव वाचला ना? मग झालं."

घरी आले. चोळीत डावीकडं कापसाचा बोळा शिवून घेतला. खालचं कातडं भोपळ्याच्या सालीसारखं. माझंच अंग, पण बोट दुसऱ्याच्या अंगावर ठेवल्यासारखं वाटायचं.

भात झोडून झालं की पेरणीआधी शेतात राब भाजेपर्यंत आम्ही बाया मालकीणबाईंच्या अंगणात गोधड्या शिवायचो. त्याबद्दल जुनेर, म्हणजे त्यांचं जुनं लुगडं, मिळायचं. आमच्यात सवय अशी की पान खायला, पाणी प्यायला थांबलं की सुई चोळीला छातीवर खोचायची. जमिनीवर ठेवली तर हरवते, पोराच्या पायात जाते. मी जन्मभराच्या सवयीनं डावीकडं खोचली. बोळ्यातून आरपार मांसात गेली आणि मी पान लावत बसले. रक्त पहिल्यांदा मालकीणबाईंनी बघितलं.

तिथून खेळ सुरू झाला. पाहुणी आली की हाक यायची, "ये गं इकडं, ह्यांना दाखवू." चहाबरोबर मी. बहिणीच्या आधी दोघी-तिघींना दाखवून झालं होतं. मी जायची. जुनेर हवं होतं आणि लागत तर नव्हतंच. मला वाटायचं, जे लागत नाही त्याचा अपमान कसला?

मग दोन पावसाळे गेले असतील. न्हाणीत गरम पाणी घेतलं ते छातीवर, आणि ऊन-ऊन लागलं काखेत. नंतर मुंग्या चालायला लागल्या. जिथं थानच नाही, तिथं खाज. खाजवायचं कुठं? नवऱ्याला म्हटलं, "आत मुंग्या चालतात."

"वाळवी आसंल," तो म्हणाला. "घराला पन लागलीय."

मग एक दिवस घरची फाटकी गोधडी सांधताना सुई खोचली आणि ओरडले, "आई गं!" सासू चुलीपासून धावत आली. "काय चावलं गं?" "काय नाय," म्हटलं. ती गेल्यावर पुन्हा टोचून बघितलं. दुखलं. काखेच्या बाजूला दुखलं, मधे नाही. पण दुखलं. कुणाला सांगितलं नाही. रडले वगैरे नाही. चुलीवर भात होता.

त्या वर्षी पुन्हा गोधड्या आल्या आणि पाहुणीही आली. हाक आली. मी गेले आणि हळूच म्हणाले, "बाई, आता लागतंय."

"खोटं बोलतेस. बघू!" म्हणून त्यांनी सुई उचलली.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. मी लागतं म्हणाले तरी ही टोचूनच बघणार. लागत नव्हतं तेव्हा टोचली, आता लागतंय म्हणून टोचणार. सवाल लागण्याचा नव्हताच.

मी मनगट धरलं. त्यांच्या बांगड्या माझ्या मुठीत आल्या. "लागो नायतर न लागो," मी म्हणाले, "अंग माजं हाय. सुई ठेवा खाली."

पाहुणीनं कप खाली ठेवला. मालकीणबाई म्हणाल्या, "उद्यापासून येऊ नकोस."

"आजपासनंच नाय," म्हणाले आणि माझी सुई घेऊन निघाले. गोधडी अर्धीच राहिली. वाटेत शेजारीण मागून आली. "कशाला गं बोललीस? एवढंसं तर टोचायची." मी म्हटलं, "मग उद्या तू बस तिच्यापुढं." ती उलटी फिरली. पुढं बरेच दिवस माझ्याशी बोलली नाही.

सगळी जागा अजून जागी झालेली नाही. मधला वीतभर भाग बधिरच आहे, आता होणारही नाही. तिथंही कुणाचं बोट चालू देत नाही. पुढं दवाखान्यात शिकाऊ पोरं घोळक्यानं बघायला आली, त्यांना म्हटलं, आधी विचारा. विचारलं, तेव्हा दाखवलं. न विचारता आला तो कुणीही असो, त्याचं मनगट धरीन.

मालकीणबाई गेल्या. ती शेजारीणही गेली. हे जिच्या अंगावर झालं ती मी. चौथी शिकलेली, एका थानाची, अजून जिवंत.