तळ्याकाठी बसायची बंदी

आज शुक्रवार, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी आपल्या गेमच्या कंपनीने माझी बसायची सोय काढून घेतली.

मंडळी, तुम्ही जुने खेळाडू. चॅटमध्ये तिरकी रेघ देऊन 'सिट' लिहिलं की आपलं पात्र खाली बसायचं. आमचे हे आखाती देशात सलालाहच्या बंदरावर नोकरीला होते, मी त्याच देशात, पण हजार किलोमीटर दूर वादी कबीरला शाळेत शिकवत होते. दर शुक्रवारी आम्ही गेममधल्या तळ्याकाठी भेटायचो. ते 'बाऊ' लिहून वाकायचे, मी 'सिट' लिहून बसायचे. मग घरच्या गप्पा. इतक्या वर्षांत राक्षस एकही मारला नाही.

ते गेल्यावरही मी दर शुक्रवारी तिथे जाऊन बसते. आज कमांड चालेना.

लेक म्हणाली, "आई, टायपिंग खलास. आता बटणं आलीत."

बटणं पाहिली. नाच आहे, टाळ्या आहेत, कोलांटी आहे. बसणं नाही!

"मग नाच की थोडी."

"तळ्याकाठी? एकटीने?"



कंपनीला कळवलं आहे, इथे खेळाडूंच्या ग्रुपवरही लिहिते: गुरुवारी दुपारी बारापर्यंत मला लेखी उत्तर हवं. पुढच्या शुक्रवारी मी तिथे उभी राहणार नाही.