पालथी बादली

समुद्रासमोर उभं राहिलं की माणसाला आपल्या क्षुद्रपणाची जाणीव होते, असं मी जन्मभर वर्गात सांगत आलो. सांगताना आवाज थोडा खाली आणायचा आणि खिडकीबाहेर बघायचं. मागच्या बाकांवरसुद्धा शांतता पसरायची. खिडकीबाहेर टायरचं दुकान होतं. समुद्र मी पाहिलेला नव्हता. एकदा मुंबईत टॅक्सीच्या डाव्या बाजूने तो गेला म्हणतात, पण मी उजवीकडे बसलो होतो. भूगोलाच्या शिक्षकाने समुद्र पाहिलाच पाहिजे असा काही नियम नाही. ज्वालामुखीही मी बरेच शिकवले आहेत.

निवृत्तीला वर्ष उरलं तेव्हा मी घरात जाहीर केलं, की लातूरचं घर विकायचं आणि उरलेलं आयुष्य समुद्राकाठी काढायचं. बायको मेथी निवडत होती. तिनं एक काडी बाजूला टाकली आणि म्हणाली, "आधी दाखवा तर खरं."

म्हणून मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही निघालो. रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ला आणि कारवार. प्रत्येक गावी मुक्काम करायचा, आणि शेवटच्या गावातून परत फिरण्याआधी तिनं हो किंवा नाही सांगायचं. तोवर मी विचारायचं नाही. ही अट मी तोंडापुरती तरी पाळली.

बायकोचं माहेर नांदेडचं, गोदावरीकाठचं. लातूरला लग्न करून येणं ही पाण्याच्या बाबतीत पदावनतीच. आमच्या गल्लीत नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं. एका उन्हाळ्यात तर शहराला पाणी रेल्वेने आलं होतं. आम्ही दोघं पाहुण्याला आणायला जावं तसे ते बघायला गेलो होतो. इतक्या वर्षांत तिला एक सवय जडली आहे. नळ दिसला की ती आधी त्याच्याखाली काहीतरी ठेवते, मग विचार करते.

रत्नागिरीच्या लॉजवर चपला काढायच्या आधी तिनं मॅनेजरला विचारलं, "पाणी किती वाजता येतं?"

"कुठलं पाणी?"

"नळाचं."

"नळालाच असतं की, काकी. विहीर आहे आमची."

"ते झालं. पण येतं किती वाजता?"

मॅनेजरने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. खोलीत जाऊन तिनं बादली आणि तिच्यातला मग भरला, दोन्ही पेले, आमच्या बाटल्या, आणि शेवटी टेबलावरची प्लास्टिकच्या फुलांची फुलदाणीही भरली. त्या फुलांना एवढा मान आधी कुणी दिला नसावा.

संध्याकाळी समुद्रावर गेलो. वाटेत सुशोभीकरणाच्या लोकार्पणाची शिळा होती, तीवर मान्यवरांची नावं उतरत्या क्रमाने कोरलेली. समुद्र त्याआधीही तिथं होता, याचा उल्लेख नव्हता. मी क्षुद्रपणाची वाट बघत उभा राहिलो. मला क्षुद्र वगैरे काही वाटलं नाही. उलट, इतकी वर्षं आपण वर्गात बरोबर सांगत होतो, असं वाटून छाती थोडी फुगली. बायको डोळ्यांवर हात धरून लांब बघत होती.

"काय वाटतंय?" मी विचारलं. हे अटीत बसत होतं.

"लई मोठा हाय," ती म्हणाली. "पण आमच्या गोदावरीला पलीकडचा काठ तरी हाय. इथं नजर टाकायची कुठं?"

पण तिनं साडी वर धरली आणि पाण्यात उतरली. लाट परत जाताना पायाखालची वाळू ओढली गेली, तशी तिनं माझा दंड धरला. भर चौपाटीवर, एवढ्या लोकांत. लातूरच्या गंजगोलाई बाजारात ती माझ्यापासून चार पावलं मागे चालते. मी वाळूचे आभार मानले आणि पुढच्या लाटेची वाट पाहिली.

रोज सकाळी लातूरहून शेजारणीचा फोन यायचा. आमची टाकी तीच भरून ठेवणार होती. बायको फोनवर एकच विचारायची, "आलं का?" आणि तिकडून उत्तर यायचं, "कुठलं! आलं की तुमची आधी भरते, मग माझी." मग दोघी अर्धा तास आणखी काय बोलायच्या, ते मला कळलेलं नाही.

मालवणला माझ्या लक्षात एक गोष्ट आली. तिनं बादली आणि बाटल्या भरल्या, पण पेले कोरडे राहिले. वेंगुर्ल्याला नुसती बादली. माझ्या मनात हिशेब चालू होता. तिचा नळावर विश्वास बसत चालला होता, आणि माझ्या मते नळावरचा विश्वास म्हणजे समुद्राला होकार. वेंगुर्ल्याच्या बाजारातून तिनं पाच लिटरचा प्लास्टिकचा कॅन घेतला. कशाला, म्हटलं, तर म्हणाली, "कोकमाचं आगळ न्यायला." कोकणातल्या वस्तूंची ओढ लागली, हेही मी माझ्या बाजूनेच धरलं.

कारवारला पोचलो. मी मूळचा निलंग्याकडचा, कर्नाटकच्या सीमेजवळचा, त्यामुळे मोडकं का होईना कानडी येतं, याचा मला अभिमान आहे. लॉजच्या मालकाशी मी ते बोललो. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मराठीत उत्तर दिलं.

दुसऱ्या सकाळी मी न्हाणीघरात गेलो तर बादली पालथी होती. पार कोरडी. तिच्यावर मगही पालथा घातलेला. मी तिथंच उभा राहून बराच वेळ ते दृश्य बघितलं. सूर्यास्तापेक्षा जास्त वेळ. बाहेर आलो तेव्हा माझा चेहरा काय सांगत असेल कोण जाणे. बायको केस विंचरत होती. आरशातून माझ्याकडे बघून ती हसली. त्या दिवशी मी तिला किनाऱ्याजवळची दोन-तीन घरं दाखवली, नुसती बाहेरून. अंगण कुठं, तुळस कुठं, वाळवण कुठं, सगळं मी सांगत होतो. ती "हाव, हाव" म्हणत होती.

शेवटच्या सकाळी लॉजची मोटार जळाली.

वरची टाकी आधीच रिकामी झाली होती. विहीर भरलेली पण वर जाळी ठोकलेली, समुद्र समोर, आणि नळातून नुसता हवेचा आवाज. मालक मेकॅनिकला फोन लावत जिन्यावर बसला. व्हरांड्यात सगळे पाहुणे जमले. पुण्याकडच्या एका तरुण जोडप्याचं तान्हं मूल दुधासाठी रडत होतं, आणि त्याची आई पावडरचा डबा हातात धरून, एवढ्या सकाळी दुकान कुठलं उघडं असेल, ते विचारत होती.

माझी बायको खोलीत गेली. मी मागोमाग गेलो, तिला समजावायला की आपण तरी काय करणार. ती गुडघे टेकून बसली होती आणि पलंगाखालची सूटकेस बाजूला सरकवत होती. मागे तो पाच लिटरचा कॅन होता, काठोकाठ भरलेला. आणि त्याच्या बाजूला भिंतीला लावून बाटल्या: विकतच्या, सरबताच्या, आमच्या घरच्या. सगळ्या भरलेल्या. वर माझा टॉवेल टाकलेला.

"धरा की," ती म्हणाली. "बघून काय राहिले?"

पुढचा तासभर ती व्हरांड्यात कॅन घेऊन बसली. तान्ह्याला आधी. मग गोळ्या घ्यायच्या होत्या त्या आजींना. मग चहापुरतं. तोंड धुणाऱ्यांच्या बाबतीत तिनं हात आखडता घेतला. "चूळ भरा, आंघोळ न्हाई," ती एका पोट सुटलेल्या गृहस्थाला म्हणाली, आणि ते निमूट मागे सरले. साऱ्या प्रवासात तिचा आवाज एवढा मोकळा मी ऐकला नव्हता.

"काकू, तुम्हाला कसं कळलं पाणी जाणार आहे ते?" तान्ह्याच्या आईने विचारलं.

"कळायचं काय त्यात? पाणी म्हंजे जाणारच. आम्ही लातूरचे." हे ती घराण्याचं नाव सांगावं तशी म्हणाली.

सगळे पांगल्यावर मी तिच्या शेजारी बसलो.

"कधी भरत होतीस?"

"पहाटे. तुम्ही घोरताना."

"मग बादली पालथी का?"

ती थोडा वेळ कॅनचं झाकण फिरवत राहिली. "मालवणला भांडं कमी दिसलं तर तुमचा चेहरा असा खुलला, की म्हणलं असू द्या. तेवढ्यानं आनंद होत असंल तर लपवून भरू."

"म्हणजे उत्तर नाही?"

"मी न्हाई कुठं म्हणले? तुम्ही म्हणाल तिथं येईन मी. घर बी चांगलं हाय ते, पायऱ्यावालं." मग तिनं समुद्राकडे पाहिलं. "फक्त इथं कुणाला फोन करून विचारायचं, आलं का म्हणून?"

त्या पायऱ्यावाल्या घरात भरल्या नळाशेजारी पहाटे उठून चोरून बाटल्या भरणारी ती मला दिसली. मी बघीन म्हणून वर टॉवेल टाकणारी. असं घर मला नको होतं.

"चल घरी," मी म्हटलं. "सुट्टीत येत जाऊ."

"खरंच?"

"पाहुण्यासारखे."

निघायच्या आधी ती एकटीच किनाऱ्यावर गेली आणि एका बाटलीत समुद्र भरून आणला. "पोरांना चाखवा," ती म्हणाली. "इतकी वर्षं नुसतं खारट खारट सांगून राहिले तुम्ही." परतीच्या एसटीत ती बाटली माझ्या मांडीवर होती आणि तिचं डोकं माझ्या खांद्यावर. सहप्रवाशांनी माझ्याकडे पाणी मागितलं तेव्हा मी नाही म्हटलं; त्यांनी मला काय समजायचं ते समजून घेतलं.

लातूरला दारातच शेजारीण भेटली. आमची टाकी भरलेली होती, तिची अर्धी. बायकोने तिला ओट्यावर बसवलं आणि माझ्या हातातली बाटली घेऊन झाकणभर समुद्र तिला दिला. तिनंही समुद्र पाहिलेला नव्हता. तिनं तो जिभेवर घेतला आणि डोळे मिटले. मी आवाज थोडा खाली आणला आणि विचारलं, "काय वाटलं?"

"आमच्या बोरचं पाणी बी असंच लागतंय की," ती म्हणाली.