राबाची राख गार होती

नोकरीत किती जळितांचे पंचनामे केले ते आता सांगता येणार नाही. पण एका जळिताचा दिवस अजून तासातासाने आठवतो. त्या प्रकरणात मी तपास अधिकारी होतो आणि शेवटी माझाच जबाब नोंदवला गेला.

एकोणीसशे सत्तरचं दशक संपत आलं होतं. माझी बदली फौजदार म्हणून वसई तालुक्यात झाली होती. नालासोपाऱ्याच्या पूर्वेला तेव्हा इमारती हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. तुळिंज, आचोळे इथपर्यंत वस्ती, त्यापुढे भातखाचरं, गवताची कुरणं आणि मधूनमधून पाडे. त्यातल्या एका पाड्याजवळ आमची चौकी होती. पाड्याचं आणि चौकीचं नाव मुद्दाम देत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

मी देशावरचा, त्यामुळे राब हा प्रकार मला नवा होता. भाताची रोपं जिथे करायची त्या जागेवर पालापाचोळा, शेण, झाडांच्या टाहळ्या पसरून वर बारीक माती टाकतात आणि ते सगळं धुमसत भाजतात. तण मरतं, जमीन भुसभुशीत होते. ही कामं चैत्र-वैशाखात चालतात, आणि त्याच दिवसांत कापलेल्या गवताच्या गंजी वाळून खडखडीत झालेल्या असतात. म्हणून दरवर्षी हुकूम निघायचा. राब पहाटे वारा पडलेला असताना भाजावा, ऊन चढायच्या आत विझवावा. आदल्या दिवशी पोलीस पाटलाला सांगावं. पाण्याच्या घागरी जवळ असाव्यात. आणि सूर्य वर आल्यावर गावठाणाजवळ उघड्यावर कोणीही काहीही जाळू नये. या हुकुमाची दवंडी मीच पिटवली होती आणि एक प्रत चौकीच्या फळ्यावर माझ्या हाताने लावली होती.

एप्रिल संपत आला होता. दुपारी तीनच्या सुमारास पाड्यावरचा एक माणूस सायकल हाणत ठाण्यात आला. गंजी पेटल्या, घर पेटलं, एवढंच त्याला सांगता आलं. आम्ही पोहोचलो तोवर गावकऱ्यांनी विहिरीवरून हातोहात पाणी घालून आग आटोक्यात आणली होती. गवताच्या दोन गंजी आणि एक घर राख झालं होतं. घराचा मालक साठीचा शेतकरी. गोठ्यातली म्हैस सोडवताना त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले होते. म्हैस वाचली होती. त्याला बैलगाडीत घालून दवाखान्यात न्यायची तयारी चालली होती. मी त्याच्याजवळ गेलो तर त्याने पूर्वेकडच्या खाचराकडे मान वळवली आणि त्याच्या चुलतभावाच्या विधवेचं नाव घेतलं. तिनेच सकाळी राब भाजला, असं त्याचं म्हणणं. जमलेल्या लोकांनी माना डोलावल्या. दोन्ही घरांत बांधावरून जुना वाद होता, हेही कोणीतरी कानाशी लागून सांगितलं.

मला आणखी काय हवं होतं? फिर्यादी जखमी, साक्षीदार तयार, विस्तवाचं ठिकाण समोर, आणि वैराचं कारणही. मी निष्काळजीपणाने आग लावल्याचा गुन्हा दाखल केला आणि बाईला ठाण्यात बोलावलं.

पंचावन्नच्या आसपासची बाई. गुडघ्यापर्यंतचं लुगडं, पायांना राखेचे डाग. ती बाकावर बसली नाही, खाली जमिनीवरच बसली. मी दोन तास तिची विचारपूस केली. आवाज चढवला, हे कबूल करतो. पण ती एका शब्दाने हलली नाही. राब झुंजूमुंजू असताना लावला, पाटलाला आदल्या सांजेला सांगितलं होतं, आठच्या आत विझवला, दोन हंडे पाणी ओतलं, वर ओली माती सारली. मी म्हटलं, धग आत राहिली असेल. त्यावर तिने उजवा तळहात माझ्यापुढे धरला.

"ह्या हातानं बगलं साहेब. राख गार व्हती. आनि वारा कुनीकडून व्हता ते तरी इचारा कोनाला."

वाऱ्याचं बोलणं मला टाळाटाळ वाटलं. आरोपी अडचणीत आला की विषय बदलतो, हे मी प्रशिक्षणात शिकलो होतो. तिचा जबाब मी तिच्या शब्दांत न लिहिता माझ्या शब्दांत लिहिला आणि त्यात वारा आलाच नाही. संध्याकाळी पोलीस पाटील जामीन राहिले म्हणून तिला सोडलं. जाताना पाटील मला एवढंच म्हणाले की हुकूम निघाल्यापासून ही बाई एकदाही न सांगता राब लावायला गेलेली नाही. मी ऐकून घेतलं आणि कागद फायलीला लावले. दोन दिवसांनी वरिष्ठांची तपासणी होती. तडीला नेलेलं एक ताजं प्रकरण टेबलावर असणार, याचं समाधान मनात होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास एक शिक्षिका ठाण्यात आल्या. पश्चिमेकडच्या एका ख्रिस्ती गावातल्या होत्या. रोज एवढं अंतर तोडून चौकी आणि पाडा यांच्या मधल्या शाळेत शिकवायला येत. गळ्यात बारीक क्रूस, हातात निकालपत्रकांची पिशवी. त्यांनी प्रथम विचारलं, दार लावलं तर चालेल का. मी दार लावून घेतलं.

मग त्यांनी सांगितलं ते असं. आदल्या दिवशी त्या शाळेत बसून निकाल लिहीत होत्या. दीडच्या पुढे धूर येऊ लागला, म्हणून त्यांना खिडक्या लावाव्या लागल्या. त्या पश्चिमेच्या खिडक्या होत्या. आमच्याकडे या दिवसांत सकाळी वारा डोंगराकडून येतो आणि दुपारी समुद्राकडून, हे शेंबडं पोरही सांगेल, असं म्हणून त्या क्षणभर थांबल्या, कारण ते मला माहीत नव्हतं हे त्यांच्या लक्षात आलं. बाईचा राब गंजींच्या पूर्वेला होता. दुपारच्या वाऱ्याने त्यातली ठिणगी गंजींकडे येणं शक्यच नव्हतं.

"मग धूर कुठून येत होता, बाई?" मी विचारलं.

त्यांनी पिशवीचे बंद बोटांना गुंडाळले. "तुमच्या चौकीच्या आवारातून," त्या म्हणाल्या. "जळके कागद शाळेवरून उडत जाताना मी पाहिले. मी काल रात्रभर प्रार्थना केली, फौजदारसाहेब. सांगावं की नाही कळत नव्हतं. पण त्या मावशीचं नाव गावभर झालंय."

पोलिसांविरुद्ध पोलिसालाच सांगायला आलेल्या त्या शिक्षिका. वरच्या साहेबांकडे गेल्या असत्या तर माझी अधिक शोभा झाली असती. त्या माझ्याकडे आल्या, म्हणजे मी ऐकेन असं त्यांना वाटलं. त्या विश्वासाला मी तेव्हा लायक होतो असं मला आजही वाटत नाही.

मी सायकल काढली आणि एकटाच चौकीवर गेलो. तिथले हवालदार निवृत्तीला आलेले, शांत स्वभावाचे. आवार लखलखीत झाडलेलं होतं. कोपऱ्यात काळं वर्तुळ होतं, त्यावर ताजी माती टाकलेली. मी काही विचारायच्या आत त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली.

"विस्तव मी लावला, साहेब. वाळलेलं गवत, झावळ्या आणि नष्ट करायला मंजूर झालेले जुने कागद. वारा सुटला आणि कागद वर गेले. विझवेपर्यंत तिकडे धूर दिसला. मी धावत गेलो, पाणी घालायला लागलो. बोलायचं धैर्य मात्र झालं नाही."

हे खरं होतं. आदल्या दिवशी पाणी वाहणाऱ्यांत मी त्यांना पाहिलं होतं आणि मनातल्या मनात शाबासकी दिली होती. मी विचारलं, फळ्यावर हुकूम लावलेला असताना भरदुपारी जाळलं कसं. ते म्हणाले की चूक त्यांची एकट्याची, तसाच जबाब घ्यावा.

तेव्हा मला आठवलं. आगीच्या दिवशी सकाळी चौकीला भेट देऊन निघताना मी सायकलवरूनच म्हणालो होतो की साहेबांच्या तपासणीआधी आवारात काडी दिसता कामा नये, आज दुपारपर्यंत सगळं जाळून मोकळे व्हा. माझेच शब्द, माझाच आवाज. हवालदार मला त्यातून वगळत होते.

आम्ही दोघं चालत पाड्याकडे गेलो. वाटेतल्या निवडुंगाच्या कुंपणात, शाळा आणि गंजी यांच्या मध्ये, कागदाचे तीन अर्धवट जळके तुकडे अडकलेले सापडले. एकावर आमच्या छापील फॉर्मच्या रकान्याची ओळ स्पष्ट वाचता येत होती. मी तो तुकडा हातात घेऊन उभा राहिलो. भोवती कोणी नव्हतं. बोटांनी चुरला असता तर दोन सेकंदांत त्याची पूड झाली असती. हवालदार दुसरीकडे बघत उभे होते. मला मोकळीक मिळावी म्हणूनच तसे उभे होते, असं मला वाटतं.

तेवढ्यात ती बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन खाचराच्या बांधावरून येताना दिसली. स्वतःच्या घरचं गवत जळलेल्या घराच्या म्हशीसाठी घेऊन चालली होती. ज्याने तिचं नाव घेतलं त्याच्याच म्हशीसाठी. आम्हाला बघून तिने मान खाली घातली आणि वाट सोडून उभी राहिली.

मी हवालदारांना पंच बोलवायला सांगितलं. पोलीस पाटील आणि गावातला एक दुकानदार आले. त्यांच्यासमोर पंचनामा केला, तुकडे लखोट्यात घालून सील केले. संध्याकाळी स्टेशन डायरीत नोंद घेतली आणि अहवाल लिहिला. त्यात चौकीला दिलेला माझा हुकूम होता तसा, माझ्याच शब्दांत लिहिला. तो एक परिच्छेद लिहायला जेवढा वेळ लागला तेवढा पुढे मोठमोठ्या गुन्ह्यांच्या आरोपपत्रांना लागला नाही.

तपासणीला वरिष्ठ आले, तेव्हा सलामीच्या आधीच तो अहवाल मी त्यांच्या हाती दिला. त्यांनी उभ्याउभ्याच दोनदा वाचला. हे लिहायला कोणी भाग पाडलं का, असं विचारलं. नाही म्हटल्यावर त्यांनी सांगितलं की तपास माझ्याकडून काढून दुसऱ्या अधिकाऱ्याकडे जाईल, कारण आता मी साक्षीदार आहे, आणि खात्याकडून जे व्हायचं ते होईल. मग आवाज खाली आणून म्हणाले, "त्या बाईला आज, आत्ता जाऊन सांगा. कागद पोहोचायची वाट बघू नका."

पुढचं थोडक्यात सांगतो. बाईचं नाव गुन्ह्यातून वगळलं गेलं. हवालदारांनी कोर्टात गुन्हा कबूल केला, त्यांना कोर्ट उठेपर्यंतची शिक्षा झाली. माझ्या सेवापुस्तकात सक्त ताकीद नोंदली गेली. ती अखेरपर्यंत तिथेच राहिली आणि ती राहिली हे बरंच झालं.

त्या दिवशी तपासणी संपताच मी आधी दवाखान्यात गेलो. म्हाताऱ्याच्या हातांना पट्ट्या होत्या. मी सगळं सांगितलं. शिव्या खायची तयारी होती. त्याने आधी भावजयीबद्दल विचारलं, ती काय म्हणते. अजून तिच्याकडे गेलो नाही म्हटल्यावर म्हणाला की जाल तेव्हा माझंही सांगा, मी चुकलो.

पाड्यावर पोहोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. बाई अंगणात भात पाखडत होती. मी गावच्या चारचौघांसमोर, मुद्दाम मोठ्याने, आग तिच्या राबाची नव्हती आणि कुणाची होती ते सांगितलं. तिच्या दिराचा निरोपही सांगितला. तिने सूप खाली ठेवलं.

"तुमी सांगाया आलात म्हनून," ती म्हणाली. "नायतर मी मरस्तवर गावाला आग लावनारी रायली असती."

तिला रडू आलं नाही. मला आलं, आणि मी टोपी सारखी करायच्या निमित्ताने तोंड फिरवलं.

पावसाच्या आत ते जळकं घर उभं करायचं होतं. आमच्या ठाण्यातले लोक साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी पाळीपाळीने तिथे राबले. कोणी सक्ती केली नव्हती. हवालदार सगळ्यांत आधी येत आणि सगळ्यांत शेवटी जात. कुडाच्या भिंती, बांबूचे वासे, वर कौलं. दुपारी बाई तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या बोंबलाची चटणी घेऊन यायची. पहिल्या दिवशी तिने पहिली भाकरी हवालदारांच्या हातावर ठेवली. त्यांच्याने ती खाववेना. ती त्यांच्यासमोर बसून राहिली, त्यांनी घास तोंडात घातला तेव्हाच उठली.

पुढच्या वर्षी राबाचे दिवस आले तेव्हा मी दवंडीवर भागवलं नाही. पाड्यावर माणसं जमवली आणि हुकूम वाचायच्या आधी त्या बाईंना बोलायला लावलं. राब कुठल्या बाजूने पेटवायचा, वारा कधी फिरतो, राखेत हात घालून का बघायचं, हे त्यांनी सांगितलं. मी आणि माझे शिपाई पहिल्या रांगेत बसून ऐकत होतो.

या प्रकरणाने मला शिकवलं ते दोन गोष्टींत सांगता येईल. एक, नियम लोकांसाठी असतो तेवढाच तो नियम लावणाऱ्यासाठी असतो. दुसरी म्हणजे, समोरचा माणूस विषय बदलतोय असं वाटलं की बहुतेक वेळा तो विषयाचं मूळ सांगत असतो. त्यानंतर कुठल्याही जबाबात मी बोलणाऱ्याचे शब्द बदलले नाहीत.

पण शिकवण हा शब्द अपुरा पडतो. मी त्या लोकांचा ऋणी आहे. खिडकीबाहेर जे दिसलं ते भीत भीत का होईना सांगायला आलेल्या शिक्षिकाबाईंचा, खोटं बोलून स्वतःला वाचवू शकत असूनही तसं न करणाऱ्या हवालदारांचा, हातांच्या पट्ट्यांसकट चूक कबूल करणाऱ्या म्हाताऱ्याचा आणि त्याच्या म्हशीसाठी गवत वाहणाऱ्या त्या मावशींचा. एका निरपराध बाईला गुन्हेगार ठरवून पुढची तीस वर्षं स्वतःला हुशार अधिकारी समजत राहण्यापासून या चौघांनी मला वाचवलं.