पर्यावरण समितीचा चहा

मंडळी, दुपारपासून मला किळस आलीय. आपल्या जुन्नर-आंबेगावातले बरेच जण इथं आहात, म्हणून लिहितेय.

आज आमच्या हायस्कूलमध्ये पर्यावरण समितीची बैठक होती. समितीत मुख्याध्यापक, आम्ही शिक्षक, पालक आणि मुलं. सगळ्यांच्या मताला सारखी किंमत, असं ठरलेलं. मागच्या वेळी नववीतल्या आरतीनं सुचवलं की शाळेतले कागदी कप बंद करू. सगळ्यांनी हात वर केले.

म्हणून आज ती घरून स्टीलचे पेले घेऊन आली. चहा ओतणार तेवढ्यात एका पालक सदस्यांनी विचारलं, "पेले कुणाच्या घरचे गं?"

"आमच्या. बुद्धविहाराशेजारी ऱ्हातो आमी."

त्यांनी समोरचा पेला बाजूला सरकवला. मग ते म्हणाले, "उगं धुण्याचा ताप नको राव. कागदी कपच आणा."

मी म्हटलं, "ठराव आपलाच आहे ना?"

मुख्याध्यापक म्हणाले, "जाऊ द्या बाई, चहा गार होतोय."

हात वर केलेली सगळी मोठी माणसं कागदी कपातून चहा प्यायली. पेल्यातून प्यायले ती मी एकटी.

नंतर पाहिलं तर आरती नळावर सगळे पेले घासत बसलेली. मी म्हटलं, "अगं, माझा सोडला तर हे कुणी वापरलेच नाहीत."

"म्हाईतीय बाई. पण कोरडे नेले तर आईला कळंल."

खरं सांगा, तुम्ही तिथं असता तर काय उचललं असतं?