एकाच दिशेचे बाण

काल व्हिडिओ कॉलवर सई दिसत होती ती कोपऱ्यात, टपालाच्या तिकिटाएवढी. बाकीचा पडदा तिच्या ऑफिसच्या कामाने भरला होता. नुसते चौकोन आणि त्यांना जोडणारे बाण. एका मोठ्या कंपनीचे ग्राहक, त्यांच्या ऑर्डरी, त्यांची बिलं. कोण कोणाशी बांधलेलं आहे, याचा नकाशा ती काढत होती.

"सगळे बाण एकाच बाजूला का गं?" मी विचारलं.

"अगं आजी, ऑर्डरीकडे ग्राहकाचा नंबर असतो. ग्राहकाच्या चौकोनात ऑर्डरीचा पत्ताच नसतो."

"आणि ग्राहक गेला तर?"

"तरी पुसता येत नाही. एक जरी ऑर्डर त्याच्याकडे बोट दाखवत असेल, तर सिस्टिम अडवते. कोणीच नसेल, तर एका क्षणात साफ! चल, ठेवते, मीटिंग आहे."

पडदा काळा झाला. मी कपड्यांच्या घड्या घालत बसले, पण मन त्या बाणांपाशीच राहिलं.

बँकेत अजूनही मला ओळख पटवायला आईचं नाव विचारतात. मी सांगते, तेवढ्यापुरती ती कुठेतरी असते. माझे दोन्ही भाऊ गेले. तिचा एक फोटोसुद्धा नाही. तिच्याकडे बोट दाखवणारी आता मी एकटीच उरले आहे.

मुलांनो, माझ्या आईचं नाव तुमच्यापैकी कोणालाच ठाऊक नाही. तिचं नाव द्वारका होतं. ती डावखुरी होती.